टॅक्रो लेव्हल काढायची असंल तर या लॅबमधीच जा (गाडी लावायचं तेवढं बघा)

चार स्टार. आमच्या दाजींची किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस (अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) कायमचं चालू, अन लेव्हलसाठी, म्हणजे रक्तात ते औषध किती आहे ते बघायला, दरवेळी जालन्याहून संभाजीनगर गाठणं काही होत नाही.

इथली रक्त काढणारी ताई सुई लावायच्या आधी विचारती, रात्रीची गोळी किती वाजता घेतली, सकाळची घेतली नाही ना. घेतली असंल तर सरळ घरी पाठवती, लोक चिडतेत पण तिचं बरोबर आहे, ही लेव्हल १२ तासांनी, पुढची गोळी पोटात जायच्या आधीच बघायची असती, गोळी खाऊन गेलात की आकडा फुगून येतो अन डॉक्टर उगंच डोस कमी करतेत. आधीच्या लॅबमधी हे कुणी विचारतच नव्हतं.

पण मला आवडला तो रिपोर्ट. मागच्या सगळ्या लेव्हल तारखेसकट, डोससकट एकाच कागदावर. काहींच्या अंगात सीवायपी३ए५ नावाचं एन्झाइम जन्मापासून चालू असतं, ते औषध लवकर संपवतेत, त्यांना दीड-दोन पट डोस लागतो, लागू द्या, त्यात भ्यायचं काही नाही. भ्यायचं कधी, तर त्याच माणसाची त्याच डोसवर लेव्हल एकदा ५, एकदा ११, परत ६ अशी नाचायली तर. सरासरी चांगलीच दिसती बरं का! पण हा चढउतार साधारण ३० टक्क्यांच्या वर राहिला की किडनी रिजेक्ट व्हायचा धोका वाढतो, अन सुट्ट्या रिपोर्टांवरून हे कुणाच्या ध्यानात येणार?

दाजींची लेव्हल मधी अशीच उडाली, नेफ्रोलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) सरांनी कागद बघून पहिलं विचारलं, जुलाब झाले होते का. झाले होते (लग्नातलं जेवण, दुसरं काय). एरवी आतडं बरंचसं औषध तिथंच मोडून टाकतं, जुलाबात ते जमत नाही म्हणून उलट रक्तात जास्त जातं. फंगसची फ्लुकोनॅझोल पण लेव्हल चढवती, टीबीची रिफाम्पिसिन पार खाली आणती. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून गोळी दिली तरी फरक पडू शकतो, म्हणून आक्का आता पाकीट बघूनच पैसे देती.

सॅम्पल पुण्याला जातं, रिपोर्टला वेळ लागतो, स्वस्त पण नाही. गाडी लावायला जागाच नाही. रविवारी हे सॅम्पल घेत नाहीत अन सोमवारी लई गर्दी, मंगळवारी जा.