आठ महिने वापरलेला फोल्डिंग रॉड: चोरल, यशवंत सागर आणि एक तुटलेला दोरा

गेल्या ऑक्टोबरात मासे धरायचा आठ फुटी टेलिस्कोपिक रॉड, म्हणजे एकात एक सरकून मिटणारा, आणि दोरा गुंडाळायची 4000 साइजची स्पिनिंग रील असा सेट ऑनलाइन मागवला. 3,400 रुपयांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालची तक्रार माझ्याकडे आलेल्या एका नगाची आहे.

का घेतला ते आधी सांगतो. इंदुरात गळ टाकण्याजोगं पाणी दाराशी नाही. यशवंत सागर हातोदकडे, चोरल धरण खंडवा रोडला, आणि खरं मोठं पाणी, म्हणजे नर्मदेवरचं इंदिरा सागर किंवा चंबळवरचं गांधी सागर, पार लांब. माझा जुना दोन तुकड्यांचा रॉड गाडीशिवाय नेता येत नसे, आणि गाडी काढायची म्हणजे घरातल्या चौघांचा रविवार बघावा लागतो. हा रॉड मिटला की जेमतेम साठ सेंटीमीटर. पाठीवरच्या बॅगेत मावतो, स्कूटरला किक मारली की निघालो. आधीच्या अख्ख्या वर्षात मी चार वेळा गेलो होतो, या आठ महिन्यांत सतरा वेळा. पैसे तिथेच वसूल झाले.

पण रॉड बॅगेत आहे म्हणून उठून कुठेही जाता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक तलावांत मासेमारीचे हक्क ठेक्यावर किंवा सहकारी समितीकडे असतात. मी दरवेळी आदल्या दिवशी फोन करतो, काठावर पोचलो की आधी त्यांच्या माणसाला भेटतो आणि मगच रॉड उघडतो. यशवंत सागर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथे सारस येतात, त्यामुळे विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. सिरपूर तलावावर मी फक्त पक्षी बघायला जातो. आणि 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद. रोहू, कटला, मृगल यांची विणीची वेळ तीच असते. हे दोन महिने पाळायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. पोटात गाभोळी असलेला मासा काढून काय मिळवायचं?

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की हे मासे चारा कमी घेतात. त्या दिवसांत माझ्या तीन फेऱ्या कोऱ्या गेल्या, त्यात रॉडचा दोष नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून रंगत आली. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. म्हणून कटल्यासाठी फ्लोटच्या, म्हणजे दोऱ्यावरच्या तरंगत्या खुणेच्या, खाली हातभरच दोरा ठेवायचा आणि मृगलसाठी शिसं तळाला टेकवायचं. या कामाला रॉड छान आहे. टोक पुरेसं नरम असल्यामुळे मृगलने गळाला लावलेली कणीक नुसती चाचपली तरी मनगटाला कळतं. आमची कणीक म्हणजे गव्हाचं पीठ, भाजलेला सत्तू आणि बडीशेपेची पूड. माझे मामा त्यात चिमूटभर हिंग घालतात.

मार्चमध्ये चोरलला दोरा तुटला तेव्हा मामा बरोबर होते. इंदुरातल्या रामबागेतून पहाटे पाचला निघालो होतो. साडेसातच्या सुमारास फ्लोट आडवा झाला, मग सरळ खाली गेला. मी रॉड उचलला. चांगला वजनदार मासा होता, दोन वेळा रीलमधून दोरा ओढून नेला. तिसऱ्यांदा नेला आणि एकाएकी हात हलका झाला. मला वाटलं गाठ सुटली. मामांनी दोऱ्याचं टोक बोटांत धरून बघितलं. गाठीच्या कितीतरी वर, खरवडल्यासारखं तुटलं होतं.

"गाठ नाही रे, तुझी रिंग खातेय दोरा," ते म्हणाले. रॉडवर दोरा ज्यांतून जातो त्या रिंगा. पिशवीतून कापूस काढून त्यांनी एकेक रिंगमधून ओढला. टोकाकडून तिसऱ्या रिंगला कापसाचे तंतू अडकले. आतल्या सिरॅमिकच्या कड्याचा टवका उडाला होता, नखाच्या टोकाएवढा. नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता. मामा बांबूच्या बंसीने मासे धरत मोठे झाले, त्यांच्या बंसीला रिंगच नव्हती. तरी त्यांना हे सुचलं आणि मला नाही, याचं वाईट वाटलं. तोंडात गळ घेऊन गेलेल्या त्या माशाचं जास्त वाटलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. वापरलेला माल म्हणून हात झटकले. शेवटी 60 रुपयांची रिंग आणून मीच बसवली. तेव्हापासून निघण्याआधी कापूस फिरवतो. गळाचा उलटा काटाही पक्कडने दाबून टाकतो, म्हणजे दोरा तुटलाच तर माशाला गळ झटकता येतो.

दुसरी अडचण सांध्यांची. चोरलच्या काठची बारीक वाळू दोन भागांमध्ये गेली की रॉड मिटत नाही. पहिल्यांदा मी पक्कड लावणार होतो, बरं झालं लावली नाही. खालचं बूच उघडून साध्या पाण्याने धुतला, मग बुडाची बाजू लाकडी पाटावर हलक्या हाताने आपटली, सुटला. उघडताना टोकाकडून उघडावा, मिटताना जाड बाजूकडून सुरुवात करावी. उलट केलं तर टोक मोडायची भीती असते.

रीलबद्दल तक्रार नाही. घरी आल्यावर ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा किती ताणाला सुटावा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, सैल करून ठेवतो, म्हणजे आतले वॉशर दबून राहत नाहीत. सोबत आलेला दोरा मात्र लगेच बदला. त्याला वेटोळ्यांची सवय लागलेली असते, नीट फेकला जात नाही. मी 0.35 मिलिमीटरचा मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच अखंड तंतूचा दोरा, टाकला आहे.

इंदिरा सागरसारख्या पाण्यासाठी हा रॉड मी सुचवणार नाही. तिथे मासा मोठा आणि फेक लांब लागते, इतके सांधे असलेला रॉड त्या ताणाला कमी पडतो. आणि कुठेही, कुठल्याही रॉडला महासीर लागला तर कृपा करून पाण्यातच गळ काढून सोडा. तो आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, त्याला खळखळतं वाहतं पाणी लागतं, आणि धरणांमुळे नर्मदेत तेच कमी झालंय.

सध्या रॉड धुऊन, पुसून कपाटावर ठेवलाय. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाणी गढूळ असतं, म्हणून आम्ही सप्टेंबरचा दुसरा रविवार धरलाय, चोरलच. मामांसाठीही असाच एक रॉड घ्यायचा विचार आहे. यावेळी दुकानात जाऊन, खिशात कापूस घेऊन.