विश्वास आणि कर्मे: अभ्यासवर्गाची सुरुवात पौलापासून करावी की याकोबापासून?

बायबलच्या नव्या करारात पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेद्वारे दिलेल्या आज्ञांच्या) कर्मांवाचून विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, तर याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो. आणि दाखला दोघेही अब्राहामाचाच देतात. गावातल्या घरगुती सभेत हा विषय घेणाऱ्याला आधी काय उघडावे हे ठरवावेच लागते.

पौलाची बाजू भक्कम आहे. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, ती १७ व्या अध्यायात येते, हा पौलाचा रोमकरांस ४ मधला युक्तिवाद बिनतोड आहे. नापिकीने आणि कर्जाने खचलेला शेतकरी ‘हे माझ्याच पापाचे फळ’ म्हणत समोर बसला असेल, तर मी आजही त्याच्यापुढे रोमकरांस ४ उघडतो.

वर्गासाठी मात्र माझे मन याकोबाकडे वळले, ते एका गोष्टीच्या चिडीमुळे. आमच्याकडे सभा संपताना गरजू माणसाला ‘प्रार्थनेत आठवण ठेवू’ एवढे सांगून सगळे उठतात. ऐन कापूस वेचणीत तापामुळे मजुरी बुडालेली एक बाई आली होती. तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना झाली, साक्षी झाल्या, आणि ज्यांच्या घरात ज्वारीचे कट्टे रचलेले होते त्यांनीही तिला रिकाम्या हाताने जाऊ दिले. उघड्या, उपाशी भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून काहीच न देण्याचा उपयोग काय, हे याकोब २:१५-१६ मध्ये नेमके यावरच विचारतो. पौलाचे अर्धे वाक्य लक्षात ठेवून त्याच्या आड लपणे फार सोपे जाते. हा पौलाचा दोष नव्हे. इफिसकरांस २:१० मध्ये सत्कृत्ये आहेत आणि गलतीकरांस ५:६ मध्ये प्रीतीने कार्य करणारा विश्वासही आहे, परंतु दिवसभर राबून बसलेला वर्ग तेथवर पोचतोच असे नाही.

धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे, म्हणजे कमी मोलाचे, पत्र म्हटले, आणि एवढ्या मोठ्या माणसाशी असहमत होताना संकोच वाटतो. पण त्याच्यासमोर पापक्षमापत्रांचा, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देण्याचा, व्यापार होता. आमच्यासमोर नुसत्या शब्दांवर भागवणारी मंडळी आहे. मुखाने कबुली देण्याचे रोमकरांस १०:९ ती तोंडपाठ म्हणते, नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणणे पुरेसे नाही असे सांगणारे मत्तय ७:२१ मात्र क्वचितच उघडते.

तुमच्या गावची स्थिती निराळी असू शकते. तरी याकोबापासून आरंभ केलात, तर विश्वास आणि कर्मांचा विषय जेथे सुरू होतो त्या १४ व्या वचनाऐवजी दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून वाचावे, कारण सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणे हे प्रत्येकाने पाहिलेले असते. मग याकोब ज्याचा दाखला देतो त्या, अब्राहामाने केलेल्या पुत्र इसहाकाच्या अर्पणासाठी उत्पत्ती २२ घ्यावे, आणि त्यानंतरच्या आठवड्यात रोमकरांस ४.