पडत्या भावात घेतलेला २ बीएचके: अठरा महिने राहून

मी एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे सुरुवात आकड्यांनीच करतो. जळगाव, निमखेडी शिवार, हायवेपासून दीड किलोमीटर आत. खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण २४ फ्लॅट. आमचा चौथ्या मजल्यावरचा, तोंड पश्चिमेला, कार्पेट ६४० चौरस फूट. खरेदीखत फेब्रुवारी २०२४ चं, किंमत २६ लाख. २०१४ साली याच इमारतीतल्या एवढ्याच फ्लॅटला ३४ लाख मागत होते. हे ऐकीव नाही. मिलमधल्या एकाने तेव्हा लाखभर रुपये देऊन बुकिंग केलं होतं, त्याची पावती मी पाहिली आहे. आम्ही १० मे २०२४ ला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर, राहायला आलो. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे इथे काढल्यावर हे लिहितोय.

हा भाव एवढा खाली का आला, ते थोडक्यात. २००९ मध्ये सहावा वेतन आयोग लागू झाला आणि गुरुजी मंडळींच्या हातात पैसा खेळायला लागला. २०११ च्या आसपास कापसाने कधी नव्हे तो भाव पाहिला. केळीवाल्यांचा आणि सराफ बाजाराचा पैसा होताच. शहराच्या चारी बाजूंना शेतांमध्ये चुन्याच्या रेघा पडल्या, बांधावर सिमेंटच्या कमानी उभ्या राहिल्या. प्लॉट कसायला नाही आणि बांधायलाही नाही, फिरायची ती सौदा पावती. दहा टक्के द्यायचे, अकरा महिन्यांची मुदत घ्यायची आणि मुदतीच्या आत ती पावती पुढच्याच्या गळ्यात मारायची. रजिस्ट्रीपर्यंत एकेक प्लॉट तीन-चार हात फिरलेला असायचा. आमचे साडू त्यातला शेवटचा हात. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा पावती त्यांच्याच कपाटात होती. त्यांच्या प्लॉटवर आज बाभळी आहेत, आणि भाव विचारला की ते विषय बदलतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरांवरचा कायदा, आणि जुलैत जीएसटी आला. रोखीवर धावणारा बाजार जागच्या जागी बसला. ज्या इमारती अर्ध्या झाल्या होत्या त्या रडतखडत पूर्ण झाल्या, त्यातलीच आमची. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर तिची पूर्ण होण्याची तारीख दोनदा पुढे सरकलेली दिसते.

खरेदीच्या वेळची एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण एजंट ती सांगत नाहीत. बिल्डर खरं तर साडेपंचवीसला तयार झाला होता. पण सरकारी रेडी रेकनरने (सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याने) फ्लॅटचं व्हॅल्यूएशन निघालं २८ लाख ४० हजार. स्टॅम्प ड्युटी जी रक्कम जास्त तिच्यावर लागते, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. इन्कम टॅक्सचं मात्र कुणी बोलत नाही. व्हॅल्यूएशन खरेदी किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर मधला सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. साडेपंचवीसला फरक २ लाख ९० हजार, मर्यादा २ लाख ५५ हजार. म्हणजे स्वस्त मिळालं म्हणून वर टॅक्स भरा. मी कागदावर २६ धरायला सांगितलं, मग फरक २ लाख ४० हजार आणि मर्यादा २ लाख ६०. वाढलेल्या पन्नास हजारांत बिल्डरने खिडक्यांना ग्रिल आणि किचनला ट्रॉल्या बसवून दिल्या. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला म्हणून ड्युटीत एक टक्का सवलत मिळाली, म्हणजे २८,४०० रुपये. नोंदणी फी एक टक्का, तीही बरोबर २८,४००. एका खिशातून वाचले ते दुसऱ्यातून गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा दाखला) मिळालेलं असल्याने जीएसटी लागला नाही. ते प्रमाणपत्र नसतं तर मी टोकनसुद्धा दिलं नसतं.

एवढी हुशारी केली, पण एक गोष्ट नजरेतून सुटली. फ्लॅट बघायला आम्ही दोनदा आलो, दोन्ही वेळा सकाळी अकराला. एकदा रात्री आठला येऊन खालून वर बघायला हवं होतं. तेव्हा कळलं असतं की आमचं धरूनही २४ घरांपैकी फक्त आठांत दिवे लागणार. अकरा विकले गेले होते, त्यातले तीन कुलूपबंद, आणि तेरा बिल्डरकडेच पडून. पडत्या बाजारात फ्लॅट स्वस्त मिळतो तो का मिळतो, याचं उत्तर त्या कुलपांमध्ये आहे, आणि ती कुलपं तुमच्या फ्लॅटबरोबर तुम्हालाच मिळतात.

मेंटेनन्सचं गणित बघा. वॉचमन ९,०००, लिफ्टचा वार्षिक करार महिन्याला ३,०००, जिन्यातले दिवे आणि मोटर ४,५००, झाडलोट २,५००, किरकोळ हजारभर. झाले २० हजार. चोवीस घरांत वाटले तर प्रत्येकी ८३३. आठ घरांत वाटले तर अडीच हजार. बिल्डरने ताबा देताना एक वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ घेतला होता. ते वर्ष जूनपर्यंतही पुरलं नाही. लिफ्टच्या कराराचे पैसे थकले आणि आम्ही राहायला येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा लिफ्ट बंद पडली. एकेचाळीस दिवस. आई ऐन त्याच दिवसांत अमळनेरकडून आलेली. गुडघे धरत चौथा मजला चढली, प्रत्येक मजल्यावर थांबून कुलपं मोजली आणि दारात पोचल्यावर पहिलं वाक्य, "आठे कोनी ऱ्हास का नही?" म्हणजे इथे कोणी राहतं की नाही? पाणीसुद्धा नंतर मागितलं.

सोसायटी का करत नाही, असं सगळे विचारतात. नियम असा आहे की ५१ टक्के फ्लॅटचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत बिल्डरने सोसायटीसाठी अर्ज करायचा. २४ चे ५१ टक्के म्हणजे तेरा. आमचे अकरा. सोसायटी नाही म्हणून बँकेत खातं नाही, ठराव नाही, बंद फ्लॅटवाल्याला नोटीस पाठवायला लेटरहेड नाही. बंद फ्लॅटवाल्यांचं म्हणणं ठरलेलं: आम्ही राहत नाही, लिफ्ट वापरत नाही, मग पैसे कशाचे? खरं तर घर बंद असलं म्हणून देखभालीचा खर्च चुकत नाही, पण हे व्हॉट्सअॅपवर समजावून कोणी समजून घेतल्याचं मला माहीत नाही.

आता शेजारच्या ४०३ ची गोष्ट. मालक पुण्यात नोकरीला, फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेला. जुलै २०२४ मध्ये आमच्या पाण्याच्या टाक्या रोज पहाटे रिकाम्या सापडायला लागल्या. आधी वॉचमनवर संशय, मग बोअरवर, मग खालच्या बांधकामावर. नवव्या रात्री दीडच्या सुमारास मी पॅसेजमध्ये उभा होतो, लाइट गेलेली, सगळं शांत, आणि ४०३ च्या दाराला कान लावला तर आतून बारीक सळसळ. फ्लशचा व्हॉल्व्ह अडकला होता. नऊ दिवस पाणी वरून येत होतं आणि संडासातून खाली जात होतं. किल्ली मालकाच्या मेहुण्याकडे, मेहुणा चोपड्याला. तो दोन दिवसांनी एसटीने आला, दार उघडलं, तर बाल्कनीत पारव्यांचं घरटं आणि हॉलभर पिसं. त्याने पारवे हाकलायला टॉवेल फिरवला तेव्हा आतल्या खोलीतून आणखी दोन उडाले. नवीन टाइल्स, स्टिकरही न काढलेल्या खिडक्या, आणि फरशीवर इंचभर विष्ठा. व्हॉल्व्ह दीडशे रुपयांचा निघाला. त्या आठवड्यात आम्ही दोन टँकर मागवले होते. आता प्रत्येक बंद घराची एक किल्ली माझ्या बायकोकडे असते, त्यासाठी तिला तिघांशी तीन महिने गोड बोलावं लागलं.

उन्हाळ्याबद्दल. वरचा मजला आणि पश्चिम म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री दोनपर्यंत ती आग खाली सोडत बसते. गादीला हात लावला तर गरम लागायची. कुलर लावला, पण खालचं आणि शेजारचं घर बंद, त्यांच्या भिंतीही तापलेल्या. भरलेल्या इमारतीत शेजारचा कुलरही तुमची भिंत गार ठेवतो, हे मला इथे येऊन कळलं. दुसऱ्या उन्हाळ्याआधी आम्ही वरच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून गच्चीला चुना आणि फेव्हिकॉलचे दोन हात दिले. साडेचार हजारांत काम झालं आणि झोप लागायला लागली. एसीपेक्षा आधी हे करा.

पाऊस: पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात कढीच्या रंगाचा डाग उतरला. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत बिनपैशात दुरुस्त करायचा. फोनवर बोलत बसलो नाही. फोटो लावून रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. तीन आठवड्यांत माणसं आली, गच्चीचा कोबा उकरून पुन्हा भरला. यंदा डाग नाही.

बिल्डरबद्दल लोक मला विचारतात की फसवलं का. नाही. महारेराकडे पाच हजार भरून तक्रार करता येते, मेंटेनन्सबद्दलचा आमचा अर्ज टाइप होऊन तयारही होता. तो द्यायच्या आधी आम्ही चौघे त्याच्या ऑफिसात गेलो. पूर्वी तिथे चार पोरं असायची, आता तो एकटा आणि एक कुलर. म्हणाला, "भाऊ, तुमचं सगळं खरंय. पण माझे तेरा अडकलेत, त्यांचं व्याज मी भरतोय. मी पळालो का?" पळाला नव्हता, हे खरं. न विकलेल्या घरांचा खर्च त्याच्याच डोक्यावर असतो हे त्यालाही माहीत होतं. तेरा घरांचे महिन्याला पावणेअकरा हजार निघतात, तुटलं सहा हजारांवर. दोन महिने आले की एक महिना येत नाही. आले त्या महिन्यात आमच्या वाट्याला १,७५० येतात. काहींना ही माझी नरमाई वाटते, असू दे.

पैशाच्या बाजूने खरं सांगायचं तर भाड्याने राहणं परवडलं असतं. आधी जळगावातच महाबळला आम्ही साडेआठ हजार भाडं भरत होतो. इथे १८ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुरुवातीला १६,२०० होता. २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना लावते तो व्याजदर) एक टक्क्याने उतरला, तेव्हा मी बँकेत जाऊन मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला. आता १५,१०० च्या आसपास आहे. न सांगता ठेवलं असतं तर त्यांनी हप्ता तोच ठेवून मुदत घटवली असती, तेही वाईट नाही. आणि आमच्याच इमारतीत कुणी भाड्याने दिला तर सात हजार येतात, २६ लाखांवर सव्वातीन टक्के पण नाही. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने इथेच थांबावं.

मग चांगलं काय? हवा. संध्याकाळी गिरणा नदीकडून वारा येतो. मोठी गच्ची आणि वापरणारी घरं आठ. डिसेंबरात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी खालून दुसऱ्या मजल्यावरून आल्या, सगळी इमारत एका सतरंजीवर मावली. श्रावणात कानबाई बसवायला एकीच्या घरात जागा पुरेना, तर बिल्डरने पहिल्या मजल्यावरचा न विकलेला फ्लॅट दोन दिवस उघडून दिला. त्या दोन दिवसांत त्या घरात जेवढी माणसं आली तेवढी दहा वर्षांत आली नसतील. एवढी ओळख महाबळच्या सहा वर्षांत झाली नव्हती. थोडी माणसं असली की एकमेकांशिवाय भागत नाही, त्याचाही परिणाम असेल.

सप्टेंबरात एक फ्लॅट विकला गेला. कागदावर २६ लाख. प्रत्यक्षात नव्या मालकाला दोन एसी, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब मिळाले, म्हणजे चोवीस-सव्वाचोवीसला पडला. भाव उतरला की तो आमच्याकडे असा फर्निचरमधून उतरतो, इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, कधी दिसत नाही. ऐकून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मीच त्यांचं सामान वर चढवायला हात लावला, कारण नववा दिवा लागला आणि मेंटेनन्समध्ये एक वाटेकरी वाढला. बुकिंग आता बारा. सोसायटीला एकच कमी.

पाचपैकी तीन देतो. कोणाला इथे घ्यायचाच असेल तर खालच्या मजल्यावरचा, पूर्वेकडचा घ्या, आणि बिल्डरकडून न विकलेल्या घरांच्या मेंटेनन्सचं करारनाम्यात लिहून घ्या, तोंडी नको.

येत्या रविवारी ३०२ बघायला भुसावळचं एक रेल्वेवालं कुटुंब येणार आहे. सकाळी नको, संध्याकाळी सातला या, असं मीच त्यांना फोनवर सांगितलं. जिन्यातले तिन्ही उडालेले बल्ब काल बदलून घेतले. बायको म्हणते बंद घरांतलेही दिवे लावून ठेवू, किल्ल्या आहेतच आपल्याकडे. मी अजून हो म्हटलेलं नाही.