शाकुहाचीसोबत तानपुरा की कोतोसोबत बासरी? ध्यानाच्या बैठकीसाठी एक निवड

संध्याकाळच्या ध्यानाच्या बैठकीसाठी जपानी आणि भारतीय वाद्यांचा मेळ बसवावा, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन जोड्या येतात: शाकुहाचीबरोबर तानपुरा किंवा कोतो या जपानी तंतुवाद्याबरोबर बासरी. दोन्ही कानाला गोड लागतात, त्यामुळे गोडव्यावरून निवड होत नाही. माझ्या मते निकष एकच असावा, तो म्हणजे दोन स्वरांमधल्या शांततेचे ती जोडी काय करते.

शाकुहाची ही बांबूच्या मुळाकडच्या भागापासून केलेली, वरच्या टोकाच्या धारेवर फुंकून वाजवायची बासरी आहे. प्रचलित शाकुहाचीची लांबी 54.5 सेंटिमीटर असते, आणि चार भोके पुढे व एक मागे एवढ्यावरच सगळे वादन चालते. जपानमधल्या फुके या झेन बौद्ध पंथाचे भिक्षू वेताच्या टोपलीसारख्या टोपीने चेहरा झाकून ती वाजवीत. या वादनाला ते सुइझेन, म्हणजे फुंकरीतून होणारे ध्यान, असे म्हणत. 1871 मध्ये पंथ बंद झाला, पण किन्को कुरोसावा (1710–1771) यांनी भिक्षूंकडून जमवलेल्या 36 रचना आजही वाजवल्या जातात. या वादनात एका श्वासाचे एक वाक्य असते, आणि त्यानंतरचा विराम, ज्याला जपानी लोक 'मा' म्हणतात, तो संगीताचाच भाग मानला जातो. भोके क्रमाने उघडत गेल्यास षड्जापासून कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद मिळतात, म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर. मधल्या श्रुती मान खालीवर करून काढाव्या लागतात. मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, अशी जपानी म्हण आहे.

अशा वाद्याला तानपुऱ्याची साथ द्यावी की नाही, हा खरा अवघड प्रश्न आहे, कारण तानपुऱ्याचे कामच मुळी शांतता भरून काढण्याचे आहे. माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे (मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा कोल्हापूरकरांनाही अभिमान आहे). तो पांढरी दोन या पट्टीत मिळवून मी शाकुहाचीच्या ध्वनिमुद्रणाबरोबर छेडत बसलो, तेव्हा पहिल्या दिवशी जवारी (तारांना गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) पूर्ण खुली होती आणि प्रत्येक विराम तारांच्या गुंजनात बुडून गेला. दुसऱ्या दिवशी घोडीवरचा धागा केसभर सरकवून जवारी थोडी बंद केली आणि छेड निम्म्याने संथ केली. तेव्हा फुंकर संपताना तिच्यातली नुसती हवा ऐकू येऊ लागली, आणि षड्ज खाली जमिनीसारखा राहिला. ही जोडी निवडणाऱ्याने एवढी खटपट करण्याची तयारी ठेवली पाहिजे.

कोतोबरोबर बासरीचे काम तुलनेने सोपे आहे. कोतोला 13 तारा असतात आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी असते, त्यामुळे बासरीवादकाची पट्टी पांढरी तीन असो वा दुसरी कोणती, कोतो तिच्याशी जुळवून घेतो. शाकुहाचीला हे जमत नाही. पट्टी बदलायची तर वेगळ्या लांबीचे वाद्य घ्यावे लागते. हिराजोशी या जुळणीत पहिली तार षड्ज मानली, तर कोमल ऋषभ, मध्यम, पंचम आणि कोमल धैवत मिळतात, म्हणजे थेट गुणकलीचे स्वर! बासरीवादकाने गुणकलीचा आलाप धरला, की कोणालाही काही परके वाटत नाही. कोतोची तार छेडल्यावर नाद लवकर विरतो आणि तेथून बासरी तो स्वर पुढे नेते. मात्र येथे शांतता उरतच नाही, तिची जागा सलग स्वर घेतो. बासरीवादक मोठा असेल, तर कोतो हळूहळू मागे पडून नुसती सजावट होण्याचा धोकाही असतो.

कोल्हापूरच्या श्रोत्यांबद्दल येथे वेगळे लिहिले पाहिजे. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या पेचदार, लयीत घट्ट विणलेल्या गायकीवर येथील अनेक घरांतले कान घडले आहेत. अशा कानांना लांब विराम प्रथम रिकामा वाटतो. नव्या आणि मिश्र मंडळींची बैठक असेल, तर म्हणूनच मी कोतो-बासरी सुचवेन. जी मंडळी नियमित बसतात आणि श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव करतात, त्यांच्यासाठी मी निःशंकपणे शाकुहाची आणि मंद तानपुरा निवडेन, कारण वादकाचा श्वास तेथे स्पष्ट ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप त्याच्या लांबीला येतो.

तबला दोन्हींत नको. पंडित रविशंकर यांनी होझान यामामोतो यांची शाकुहाची, सुसुमु मियाशिता यांचा कोतो आणि उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला घेऊन ध्वनिमुद्रण केले आहे, आणि मैफल म्हणून ते अवश्य ऐकावे. पण ठेका सुरू झाला की मन पुढची सम शोधू लागते आणि ध्यान सुटते.

शाकुहाची विकत घेणार असाल, तर मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत ती उघडी ठेवू नका. बांबूला उभी चीर पडते, आणि ती धारेपर्यंत गेली की स्वर फाटतो.