बेस वाजवणाऱ्यांनी जुनी गिटार घेताना: स्टील की नायलॉन?

चार तारांच्या बेस गिटारची सवय झालेल्या हाताला अकूस्टिक हवी आहे, आणि जळगाव-भुसावळकडे वापरलेल्या दोन समोर आहेत: स्टील तारांची ड्रेडनॉट (मोठ्या खोक्याची गिटार) आणि नायलॉनची क्लासिकल. दोन्हींच्या खालच्या सुराच्या, जाड चार तारा ई-ए-डी-जी, म्हणजे बेसच्याच, फक्त एक सप्तक वर.

बोटांना जागा: स्टीलच्या गिटारीचा नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती पट्टी) साधारण 43 मिमी रुंद, क्लासिकलचा 52. बेसवर पुलाजवळ (ब्रिज, जिथे तारा खोक्यावर अडकवतात) तारांत 19 मिमीच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे दोन बोटांनी वाजवणाऱ्याला ड्रेडनॉट दाटीची वाटते. क्लासिकल लवकर हाताशी बसते.

टिकाऊपणा मात्र नीट तपासा. खान्देशातला कोरडा, 44-45 अंशांचा उन्हाळा लाकूड आकसवतो. मानेच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं टोचली, तर लाकूड सुकलंय. मग पुलाच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर गोंद सुटतोय, सोडून द्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची स्टीलला 2.5 मिमी, नायलॉनला 4 मिमीच्या आसपास ठीक. मान वाकली असेल तर स्टीलवाली ट्रस रॉडने (मानेच्या आतली, फिरवून ताण बदलता येणारी सळई) बरीचशी सरळ होते; क्लासिकलमध्ये बहुधा रॉडच नसतो, म्हणून वाकलेली क्लासिकल फुकटही घेऊ नका. तिच्यावर स्टीलच्या तारा तर कधीच नकोत, ताण जवळपास दुप्पट होतो आणि पूल उखडतो.

पिकने वाजवणाऱ्याने, भजनाच्या किंवा गाण्याच्या साथीला दमदार आवाज हवा असणाऱ्याने ड्रेडनॉट घ्यावी. घरी बोटांनी वाजवायचं, कॉर्ड शिकायचे, तर क्लासिकल.