सह्याद्रीत भटकायला हातातला जीपीएस घ्यावा, की फोनच पुरे?

सह्याद्रीत माणूस नाळेत चुकत नाही, पदरात चुकतो. नाळ म्हणजे कड्यातली उभी घळ: दोन्ही बाजूंना कातळ आणि मध्ये दगडधोंडे. वर नाहीतर खाली, तिसरी दिशाच नाही. पदर मात्र फसवा. कोकणातून चढून आलं की कड्याच्या निम्म्यावर जंगलाची ती सपाटी लागते. तिथे कारवी डोक्याच्या वर जाते आणि गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा चहूकडे फुटतात. त्यातली एक पकडावी तर ती पाण्यापाशी नेऊन सोडते आणि संपते. जुनी माणसं याला चकवा लागला म्हणायची.

चुकायची दुसरी जागा घाटमाथा. मोहरी-सिंगापूरच्या पठारावरून खाली उतरायला बोराट्याची नाळ आहे, सिंगापूरची नाळ आहे, शेजारी आणखीही घळी आहेत. धुक्यात वरून सगळ्यांची तोंडं सारखीच दिसतात, आणि जी वाट नव्हे ती कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर आणून उभी करते. खाली कडा आणि मागे तासाभराची चढण.

हातातला जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं वेगळं यंत्र, घ्यायचा तो या दोन जागांसाठी. गंमत अशी की जिथे त्याची गरज नाही तिथेच तो सर्वांत वाईट चालतो. नाळेत किंवा सांदण दरीसारख्या अरुंद घळीत वर आकाशाची चिंधी उरते, मोजकेच उपग्रह दिसतात, आणि कातळावर आपटून आलेले सिग्नल तुम्हाला भलत्याच बाजूला उभं करतात. पदरात आणि माथ्यावर त्यामानाने आकाश मोकळं असतं. म्हणून ‘कुणाचा सिग्नल भारी’ हा प्रश्न मी बराच मागे ठेवतो. आधी पाऊस, मग बॅटरी, मग नकाशा.

फोनच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. नकाशात फोन सरळ पुढे आहे. सहा इंचांचा पडदा, ऑसमअँड, लोकस किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप, त्यात आधीच उतरवून ठेवलेला ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा, आणि वर मित्राने पाठवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे तो चाललेल्या वाटेचा ट्रॅक. व्हॉट्सॅपवरून आलेला ट्रॅक दोन टिचक्यांत उघडतो. हातातल्या कित्येक यंत्रांवर तेच करायला केबल, संगणक आणि संयम लागतो. नेटवर्क नसलं म्हणून फोनचा जीपीएस बंद पडत नाही, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. एअरप्लेन मोडवरही तो चालतो. उलट तसंच ठेवावं, कारण दरीत नेटवर्क शोधण्याच्या धडपडीतच फोनची निम्मी बॅटरी जाते. एक मात्र करावं: पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच, ॲप उघडून एकदा ठिकाण पकडू द्यावं. इंटरनेटवरून फोनला उपग्रहांचं वेळापत्रक चटकन मिळतं. ते न घेता जंगलात शिरलात तर पहिलं ठिकाण सापडायला कित्येक मिनिटं जातात.

अचूकतेचं म्हणाल, तर मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही सुमारे ५ मीटरच्या आत असतो. २०१८ पासून उपग्रहांचे सिग्नल एकाऐवजी दोन वारंवारितांवर ऐकणारे फोन बाजारात आहेत, आणि काही फोन आपल्या नाविक या भारतीय यंत्रणेचे उपग्रहही वापरतात. आयफोन १५ प्रो हे त्यातलं एक नाव. डिसेंबरच्या उन्हात राजगड-तोरणा करणाऱ्या माणसाला कुणी वेगळं यंत्र घ्यायला सांगितलं, तर मी त्याला तेवढ्या पैशांत बरे बूट घ्यायला सांगेन.

मग जून उजाडतो. ओला पडदा आणि ओलं बोट यांचं जमत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी एका घाटमाथ्यावर माझ्या फोनच्या पडद्यावर थेंब पडत होते आणि नकाशा आपोआप मोठा-छोटा होत होता. मी पुसेपर्यंत त्याने ट्रॅक बंद करून कॅमेरा उघडला. पाणी आत गेलं नव्हतं, फोन ठणठणीत होता, पण त्या दहा मिनिटांत तो माझा नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पडदा आणखीच बहिरा होतो. हातातल्या यंत्राला बटणं असतात. ती ओल्या हाताने, हातमोज्यातून, न बघताही दाबता येतात. माझ्या मते फोन आणि जीपीएसमधला खरा फरक हा एवढाच आहे. बाकीचे फरक पॉवर बँक आणि चांगलं कव्हर घेऊन भरून काढता येतात.

गार्मिन कंपनीखेरीज आपल्याकडे फारसं काही सहज मिळत नाही, त्यामुळे निवड तिच्याच यंत्रांत.

ईट्रेक्स २२ एक्स आणि ३२ एक्स ही जोडी २०१९ ची. २.२ इंचांचा छोटा रंगीत पडदा, सेलसकट वजन १४२ ग्रॅम, दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्यानुसार २५ तास. पडदा कडक उन्हात सर्वांत स्पष्ट दिसतो, फोनच्या अगदी उलट. वरच्या छोट्या दांडीने अक्षरं निवडत नाव लिहिणं ही मात्र शिक्षा आहे. मी नोंदवलेल्या जागांच्या बिंदूंना ००१, ००२ अशीच नावं राहू देतो आणि कशाचा कोणता ते वहीत लिहितो. केबलही जुन्या मिनी-यूएसबीची, घरात शोधावी लागते. पण पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. मिळतात ते स्वस्तातले, लवकर उतरणारे, तरी संध्याकाळपर्यंत खाली पोचवतात. घरून नेताना मात्र चार्ज होणारे चांगले निकेल सेल न्यावेत, दोन जोड्या. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेल्या गार्मिनच्या फाइली फुकट मिळतात. मायक्रोएसडी कार्डात टाकल्या की झालं.

दोघांत फरक एवढाच की ३२ एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर आहे. होकायंत्र कामाचं: उभ्या उभ्या तोंड कुठे आहे ते कळतं. २२ एक्सला दिशा कळायला तुम्ही चालत असावं लागतं, आणि कारवीत अडकलेला माणूस चालत नसतो. उंचीच्या सेन्सरचं मला तितकं कौतुक नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने हलला की उंची साधारण ८ मीटरनी सरकते, आणि पावसाळ्यात दाब दिवसभर हलत असतो. माहीत असलेल्या उंचीवर तो जुळवून घेतला तरच खरा. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ भरायचे, खाली आलं की पुन्हा काहीतरी भरायचे. हौस असेल तर करा. बाजारात येताना अमेरिकेत २२ एक्स २०० डॉलरला होतं आणि ३२ एक्स ३०० ला. आपल्याकडे त्यावर आणखी चढतं. तेवढ्या फरकात प्लेटवालं साधं होकायंत्र घेऊन बरेच पैसे उरतात, आणि त्याला सेल लागत नाहीत.

ईट्रेक्स एसई २०२३ ची. स्वस्त, दोन सेलवर १६८ तास. आकडा मोहात पाडतो, पण पडद्यावर नकाशाच नाही. बिंदू, दिशा आणि अंतर. पठारावर नाळेचं तोंड शोधायला एवढं पुरतं. पदरात, ओढा कुठून वळतो आणि डोंगराचा दांड कुठे उतरतो ते बघायचं असेल, तर पुरत नाही. नकाशा कागदावर वाचायची सवय असलेल्यांनी जरूर विचार करावा.

जीपीएसमॅप ६७ हीसुद्धा २०२३ ची, बाजारात येताना अमेरिकेत किंमत ५०० डॉलरच्या घरात. ३ इंचांचा पडदा, बाहेर आलेला जाड अँटेना आणि दोन वारंवारितांवर ऐकण्याची सोय. ही सोय कड्याखाली कामी येते. दुसऱ्या वारंवारितेवरच्या नव्या एल५ सिग्नलचा ठोका जुन्यापेक्षा दहापट बारीक असतो, त्यामुळे थेट आलेला सिग्नल आणि बेसॉल्टवर आपटून उशिरा आलेला सिग्नल यंत्राला वेगळे ओळखता येतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या पोटात, नळीच्या वाटेसारख्या जागी, एरवी ट्रॅक दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. इथे तो बराच शुद्धीवर राहतो. बॅटरी आतली, एका चार्जवर १८० तास. चांगलंच आहे, पण आठवड्याभराच्या हिमालयातल्या वाटांसाठी. शनिवार-रविवारच्या माणसाला एवढं चार्जिंग म्हणजे लग्नाचा मांडव वाढदिवसाला. बॅटरी संपली तर किराणा दुकान उपयोगाचं नाही, हेही लक्षात असू द्या. दोन वारंवारिता हव्यात आणि पेन्सिल सेलही हवेत, तर मधली जीपीएसमॅप ६५ एस आहे. तिचे सेल मात्र १६ तासांतच उतरतात.

घड्याळांबद्दल एवढंच, की ट्रॅक नोंदवायला ती छान, पण मनगटावरच्या दीड इंचात धुक्यातला निर्णय घेऊ नये.

आता एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही आणि परदेशातल्या नातेवाइकांना माहीत नसते. ‘भाऊ अमेरिकेतून येताना घेऊन येतोय’ असं असेल, तर त्याला मॉडेलचा आकडा अक्षरासकट पाठवा. ६७ चालेल, ६७ आय नको, ६६ आय नको, इनरीच मिनी तर नकोच. त्या शेवटच्या ‘आय’चा अर्थ असा की यंत्र इरिडियमच्या उपग्रहांवरून संदेश पाठवू शकतं, आणि परवान्याशिवाय असं साधन जवळ बाळगणं भारतात बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना इनरीच मिनी जवळ होतं म्हणून अडवून ठेवलं होतं. साधा जीपीएस फक्त ऐकतो, बोलत नाही, तो प्रश्न वेगळा. तरी विमानतळावरच्या तपासनीसाला दोन पिवळ्या-काळ्या डब्यांतला फरक लगेच कळेलच असं नाही. साधा जीपीएस घेऊन एसटीने आणि रेल्वेने जाणाऱ्यांनी निश्चिंत राहावं. संकटकाळी मदतीसाठी आपल्याकडे अजून तरी रेंजची जागा गाठणं, ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची माणसं, एवढंच आहे. पाचशे डॉलरचं यंत्र यात भर घालत नाही.

   

कुठलंही यंत्र घेतलं तरी नकाशाची मर्यादा तीच राहते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० च्या नकाशावर उंचीच्या दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे १५ मीटरचा सरळ कडा त्या दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो. फुकट मिळणाऱ्या बहुतेक नकाशांच्या उंचीरेषा तर अवकाशातून ३० मीटरच्या चौकटींनी मोजलेल्या आकड्यांवरून काढलेल्या असतात, त्यामुळे सह्याद्रीचे कडे त्यांत गुळगुळीत उतारांसारखे दिसतात. पडद्यावर ‘इथून सहज उतरता येईल’ असं दिसलं, म्हणून उतरू नये. कुणीतरी पायांनी चाललेला ट्रॅक हाताशी असेल तरच, आणि तोही कोणत्या महिन्यातला आहे हे विचारून. एप्रिलचा ट्रॅक ओढ्याच्या पात्रातून जातो. ऑगस्टमध्ये त्या पात्रात ओढा असतो. वरच्या वाडीतल्या एखाद्या दादांना सोबत घ्या, त्यांना रीतसर मोबदला द्या आणि त्यांच्या मागे चालत तुमचा ट्रॅक नोंदवा. पुढच्या वेळी परतीला धुकं आलं तर तो सोन्याच्या मोलाचा.

माझा हिशोब असा. वर्षातून चार किल्ले, तेही कोरड्या दिवसांत: फोन, १०,००० एमएएचची पॉवर बँक, नकाशा आधीच उतरवलेला. पावसात घाटवाटा करणारे, दोन दिवसांचे बेत आखणारे, किंवा मागे दहा माणसं घेऊन चालणारे: २२ एक्स, आणि फोन कोरडा बंद पिशवीत. हिमालयात वर्षाआड जाणारे: ६७. जुनं २२ एक्स कुणी विकत असेल तर मागचं झाकण उघडून सेलच्या जागेतल्या पट्ट्यांवर हिरवा गंज आहे का बघा, बटणांवरचं रबर फाटलंय का बघा, आणि मग भाव करा.

यंत्र आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक सेटिंग तपासा. गार्मिन स्थान अंश आणि मिनिटांत दाखवतो, फोनचे नकाशे बहुधा दशांश अंशांत. १९ अंश ३० मिनिटं आणि १९.३० अंश हे कानाला एकच वाटतं. दोघांत तब्बल १२ मिनिटांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरचा फरक आहे. पाय मुरगळलेल्या माणसासाठी फोनवरून जागा सांगताना ही चूक झाली, तर शोधणारी माणसं दुसऱ्याच तालुक्यात हाका मारत फिरतील. दोन्हीकडे दशांश अंश लावा, आणि आकडे सांगताना ‘पॉइंट’ हा शब्द मोठ्याने म्हणा.