झॉर्न पॅलेटचा चार नळ्यांचा संच: घ्यावा, पण नळीची पाठ वाचून

पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), तांबडा आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). तैलरंगात पोर्ट्रेट करणाऱ्यांसाठी या चार नळ्यांचे संच ‘झॉर्न पॅलेट’ म्हणून मिळतात. अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) या स्वीडिश चित्रकाराच्या १८९६च्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर असेच मोजके रंग दिसतात. म्हणून त्याने जन्मभर चारच रंग वापरले असं मात्र नाही. त्याच्या मागे राहिलेल्या साहित्यात कोबाल्ट ब्लूच्याही नळ्या आहेत.

चेहरा शिकायला यापेक्षा चांगला संच नाही, असं माझं ठाम मत आहे. रंग कमी असले की नजर आपोआप उजेड-अंधाराच्या पायऱ्यांकडे आणि उबदार-थंड फरकाकडे वळते. काळ्या-पांढऱ्याचा साधा करडा तांबूस कानाशेजारी लावला की चक्क निळसर दिसतो! कानशिलाची, हनुवटीखालची थंड छटा इथूनच येते. ऑकरमध्ये थोडा काळा घातला की ऑलिव्ह हिरवा तयार.

संच फसतो तो बहुधा पांढऱ्यामुळे. झॉर्नच्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा: किंचित उबदार, चिवट, लवकर सुकणारा. आजच्या संचांत टायटॅनियम असतो (नळीच्या पाठीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीडब्ल्यू ६). तो इतका जोरकस आहे की जरा जास्त पडला तरी त्वचा खडूसारखी दिसते. त्यामुळे पांढऱ्यात रंग न मिसळता, रंगात पांढरा थोडा थोडा घालत जा. नळीवर पीडब्ल्यू ४ हा क्रमांकही असेल तर आत झिंक, म्हणजे जस्ताचा पांढरा, मिसळलंय. झिंकचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो, तडकतो आणि वरचे थर पोपडे धरून सुटतात. टिकाऊ काम हवं असेल तर ही नळी नको. करडईच्या तेलात घोटलेला पांढरा कमी पिवळा पडतो खरा, पण सावकाश सुकतो. तो खालच्या थरात वापरू नये.

तांबडा पूर्वी व्हर्मिलियन असे. आता त्याच्या जागी कॅडमियम रेड लाइट (पीआर १०८) येतो आणि ते योग्यच आहे. फक्त त्याची ताकद जास्त, म्हणून हात आखडता ठेवा. ‘ह्यू’ (म्हणजे मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी रंगद्रव्यांची नक्कल) लिहिलेली स्वस्त नळी पांढऱ्यात मिसळली की बऱ्याचदा गार गुलाबीकडे झुकते आणि गालाचा रंग बिघडतो.

मिश्रणाची सुरुवात अशी करा: दोन भाग ऑकर, अर्धा ते एक भाग तांबडा, पॅलेट नाइफने एकजीव. या नारिंगीचे तीन ढीग करा. पहिल्यात पांढरा वाढवत उजेडाची बाजू साधा, दुसऱ्यात तयार करडा घालून मधल्या छटा करा, तिसऱ्यात सुरीच्या टोकाएवढा काळा घालून सावली. सावलीत पांढरा गेला की ती मळकट होते, हे अगदी हमखास.

काळ्याबद्दल एक इशारा. आयव्हरी ब्लॅक (पीबीके ९) हा हाडांच्या कोळशाचा रंग. तो तेल भरपूर पितो आणि फार सावकाश सुकतो. त्याचं जाड अंडरपेंटिंग (तळाचा थर) करून वर लवकर सुकणारे थर दिले तर ते तडकतात. आरेखन आणि पहिला थर बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाने, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्या. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो झटपट सुकतो. ही पाचवी नळी संचात नसते, पण घ्याच.

स्वच्छ जांभळा, कोवळा पोपटी, भर दुपारचं आकाश यांची अपेक्षा या संचाकडून ठेवू नका.

आणखी एक खटकणारी गोष्ट: संचात चारही नळ्या बहुधा एकाच मापाच्या असतात. पोर्ट्रेटला पांढरा बाकीच्यांच्या कितीतरी पट लागतो. तेव्हा शक्य असेल तर तीन रंग सुटे घ्या आणि झिंक नसलेल्या पांढऱ्याची मोठी नळी वेगळी घ्या.